आधी एका बांधीत

सौंदडच्या पुष्पांजली कापगतेला सारं गाव 'लिस्टवाली' म्हणतं. तिच्या पूर्वजांनी तलाव खोदले, हिने तलावाच्या पाण्याचा प्रोग्राम लिहिला. पाणी वाटायची खोड काही घराण्यातून गेली नाही. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या तुकड्याला, किती वाजता आणि किती वेळ पाणी, हे तो प्रोग्राम ठरवतो आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर निरोप धाडतो.

यंदा सप्टेंबरात पावसाने दडी मारली आणि धान नेमका पोटरीत आलेला. गावच्या पाणी समितीने ठरवलं, या खेपेला शेपटीच्या बांध्यांना आधी पाणी. चार वाजता तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं होतं. तोवर नवी यादी गेली नाही, तर जुन्याच यादीने पाणी सुटणार आणि पार टोकाला असलेली कवडूची बांधी वाळणार. म्हातारा कवडू दुपारपासून पुष्पांजलीच्या छपरीत ठाण मांडून बसला होता.

बदल होता उणापुरा चार ओळींचा. लॅपटॉपवर झकास चालला. पण निरोप धाडणारा कॉम्प्युटर दूर कुठेतरी, इंटरनेटवर. तिथे बदल पाठवला की प्रोग्राम दरवेळी नव्याने बांधला जातो, आणि आज तो बांधलाच जाईना. नुसती लाल अक्षरं. पुष्पांजलीने त्या चार ओळी सहा वेळा पुसल्या, सहा वेळा लिहिल्या.

"झाली का पोरी लिस्ट?" कवडूने विचारलं.

"करून राहिली ना काका!" ती खेकसली, आणि खेकसल्याचं तिलाच वाईट वाटलं.

सव्वातीनला तिने लाल अक्षरं वरून वाचायला घेतली. शिकलेल्या माणसाला पहिली ओळ नेहमी शेवटी दिसते. ज्या भाषेत तिने प्रोग्राम लिहिला, ती पायथॉन, तिच्या लॅपटॉपवर ३.११ आवृत्तीची होती, त्या दूरच्या कॉम्प्युटरवर ३.१३. तिने कपाळावर हात मारला.

चहा घेऊन आलेल्या आईने, जमुनाबाईने, विचारलं, "काऊन वो, का झालं?"

"दोन वर्सांआधी मीच तिथं लिहून ठेवलं होतं आई, जे सगळ्यात नवं असंल ते घे. आता नवं आलं, आन् आपलं जुनं सामान त्यात चालून नाही राहिलं."

"नवा धान आला त आपन आधी एका बांधीत लावून पाह्यतो," जमुनाबाई म्हणाली. "तू साऱ्या बांध्या कायले देल्या त्याले?"

पुष्पांजलीला हसूच फुटलं. हे बाळकडू तर ती घरातच प्यायली होती, आणि कॉलेजात जाऊन विसरली होती. तिने 'सगळ्यात नवं' खोडून '३.११' लिहिलं, एवढंच. प्रोग्राम निमूट बांधला गेला. चाराला दहा कमी असताना कवडूच्या खिशात मोबाइल वाजला: त्याचा नंबर पहिला. म्हातारा चहा तसाच टाकून पळाला.

तुडूम उघडलं. पुष्पांजलीने ३.१३ साठी वेगळी जागा केली, चुकलं तर तिथेच चुकेल अशी, आणि तिचं नाव ठेवलं 'एक बांधी'.

दिवस मावळायच्या आत कवडू परतला. छपरीत बसला आणि गुडघ्यापर्यंत ओल्या चिखलाने माखलेले दोन्ही पाय त्याने पुढे पसरले. सारवलेल्या जमिनीवर चिखल सांडला की जमुनाबाई कोणाचीही गय करत नाही. आज तिने त्याच्यासाठी पुन्हा चहा टाकला.