टब बसून पाहून घ्यावा

आत्याला बुडवणारा मीच. म्हणजे ती बुडता बुडता राहिली, पण मेहनत माझी होती.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, रोज गरम पाण्यात बसून पाय हलवा. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून खरेदी माझ्याकडे आली. कॅटलॉगमधला सगळ्यात लांबलचक, बारा फवाऱ्यांचा टब मागवला. शिगेनोआत्या जेमतेम पावणेपाच फूट. फवारे सुटले, पाय टेकायला समोर काही नाही, आणि ती घसरत नाकापर्यंत पाण्यात गेली. मी लाजून दाराबाहेर हाका मारत राहिलो. शेजारचे मासेवाले कानबेकाका मात्र गमबुटांसकट आत घुसले आणि तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर घेऊन आले.

बातमी सेंदाई शहरापर्यंत पोचलीच. तिथे राहणारी आत्याची मुलगी माकिको फोनवर म्हणाली, "आई, एकटीला अंघोळ जमत नसेल तर माझ्याकडे राहायला यायचं. महिनाअखेर येऊन बघते."

गावच्या गरम झऱ्यावरच्या स्नानगृहात एकतीस वर्षं काम केलेल्या, नुसती चाल बघून कोणाची कंबर धरलीय ते सांगणाऱ्या बाईला हे ऐकावं लागलं. आत्याने काठी घेतली. "चल," मला म्हणाली, "आणि तिथे तोंड उघडू नकोस."

तोकुजी सुतार हिनोकीच्या सुवासिक लाकडाचे टब करतात. आत्याने त्यांच्याकडे चपला काढल्या आणि कोरड्या टबात कपड्यांसकट जाऊन बसली. मग दुसऱ्यात. मग तिसऱ्यात.

"शिगेनोताई, चहा तिथेच देऊ का?"

"द्या. काठावर कप राहतो का तेही कळेल."

प्रत्येक टबात ती डोळे मिटून गुडघा उचलून बघायची. "हा उथळ. पाणी गळ्याच्या हाडापर्यंत आलं तरच अंग हलकं होतं. आणि हा नुसताच लांब, आमच्या भाच्यासारखा."

पाचवा आखूड आणि खोल निघाला. तळवे समोरच्या फळीला नीट टेकले. "याला आत बसायला पायरी करा. आणि टब जमिनीत थोडा उतरवा, काठ माझ्या गुडघ्याएवढा राहू दे. आधी काठावर बसेन, मग एकेक पाय आत."

"आणि फवारे?" मी विचारलंच.

"पाण्याने उचलायचं असतं," आत्या म्हणाली. "हलवायचं काम माझं."

महिनाअखेर माकिको आली. आत्याने आतून दार ओढून घेतलं, रीतीप्रमाणे आधी टबाबाहेर बसून अंग धुतलं आणि मग पाण्यात उतरली. माकिको दाराला कान लावून उभी. बराच वेळ आवाज नाही.

"आई?"

"गुडघा मोजतेय. अठरा झाले. मधे बोलू नकोस."

तीस झाल्यावर आत्या आपल्या पायांनी बाहेर आली, लालबुंद. "पाणी छान आहे, जा. निघताना टबावर झाकण टाक, पाणी गरम राहील."

माकिको अर्ध्या तासाने बाहेर आली. सेंदाईचं नाव तिने काढलं नाही. तोकुजींचा पत्ता मागितला, सासूसाठी.

आता गावात कोणाला टब घ्यायचा असला की आधी आत्याला न्यायला येतात. मी तिची काठी धरून मागून चालतो, छाती अशी काढून, की जणू गुडघा माझाच बरा झालाय. माझ्या बारा फवाऱ्यांच्या टबात कानबेकाका बर्फ ठेवतात. त्यांनी आत्याला बाहेर काढलं त्या दिवशी घाबरून मी त्यांना शब्द दिला होता, की घरी अंघोळीला बोलावून तुमची पाठ चोळून देईन. दुकानावरून गेलो की अजून विचारतात, "काय रे, माझ्या पाठीचं काय झालं?"

मी हल्ली मागच्या गल्लीने जातो.