बेडशाच्या वळणावरचं डावं चाक

आमच्या घरात एक गोष्ट सतत सांगितली जाई आणि ती सुरू झाली की मी चहाचं बघायला आत जात असे. दाजींनी गाडी भाताच्या खाचरात घातली, ती गोष्ट. लग्नकार्यात, दिवाळीत, कुणाची नवी गाडी आली की हमखास ती निघे आणि सगळे हसत. दाजीही हसत. ती चुकीची सांगितली जाते आहे हे ठाऊक असणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. आता ती बरोबर सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, बेडशाचे. पवना धरणाचं काम चालू होतं तेव्हा ते तिथे डंपर चालवत. आमचं घर लोणावळ्यात, वडिलांची लाकडाची वखार. मी बी.कॉम. होऊन वखारीत बसलो होतो, म्हणजे खरं तर रस्त्याकडे बघत बसलो होतो. मुंबईहून येणाऱ्या गाड्या आमच्या दारावरून जात.

तुंगार्लीच्या एका बंगल्यात दोन माणसांची एक विलायती गाडी धूळ खात उभी होती. बुटकी, लांब नाकाची, कापडी छपराची. मालक परदेशी कायमचे निघाले आणि ती फारच स्वस्तात माझ्याकडे आली. वडिलांचा विरोध होता. बसायला दोनच जागा असलेली गाडी म्हणजे त्यांच्या हिशेबी गाडीच नव्हे. इंजिन थोड्या खटपटीने सुरू झालं. अडलं ते चाकांपाशी. लोणावळ्याचे दोन पावसाळे हवा गेलेल्या टायरांवर उभी राहून तिच्या रिमा गंजून तडकल्या होत्या, आणि त्या मापाचे टायर आपल्याकडे तेव्हा मिळतच नव्हते. परदेशी माल येणं बंद. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची चाकं तिला बसवायची, एवढाच मार्ग होता.

मी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन त्यावर नटांच्या चारही भोकांचा ठसा उमटवला, कापून काढला आणि तो घेऊन पुण्याला नाना पेठेत, गाड्यांच्या जुन्या सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो. निघण्याआधी दाजींना विचारलं होतं. ते म्हणाले, टॅक्सीच्या गाडीची साधी काळी चाकं घ्या, अरुंद असतात, पण भोकं जुळतील आणि टायर कुठंही मिळेल.

दुकानात ती साधी चाकं होतीच. पुठ्ठा लावून पाहिला, भोकं जुळली. पण त्यांच्याच वर, भिंतीला टांगलेला, चार चाकांचा दुसरा एक संच होता. कुठल्या तरी मोडीत निघालेल्या परदेशी गाडीचा. रुंद, चकचकीत, मधे उभट खिडक्या कापलेल्या, आणि त्यावर जवळजवळ कोरे टायर. पुठ्ठा त्यांनाही जुळला. मी पुन्हा काळ्या चाकांकडे पाहिलंच नाही.

घरी येऊन बसवली तर मागची चाकं आतल्या बाजूला स्प्रिंगच्या पाट्यांना टेकत होती. दुकानदाराला बहुधा हे ठाऊक होतं. त्याने आधीच चार लोखंडी चकत्या दिल्या होत्या, चाक आणि ब्रेकच्या ड्रमच्या मधे घालायला. चकती घातली की चाक तेवढं बाहेर येतं. आतलं घासणं थांबलं. बाहेरून टायर आणि मडगार्डच्या काठामधे माझं बोट आरामात फिरत होतं. पण हे सगळं मी गाडी जॅकवर असताना पाहत होतो. जॅकवर चाक खाली लोंबतं, तेव्हा कुठलंही चाक बसतं. गाडी जमिनीवर आली, माणसं बसली, पाटे दबले, की मडगार्ड टायरवर उतरतं.

धरणावरच्या ड्रायव्हरांची यासाठी एक रीत होती. नवं चाक, नवा टायर घातला की आधी पूजा करायची. मग उरलेलं कुंकू तेलात कालवून मडगार्डच्या आतल्या काठाला फासायचं, गाडीत तांदळाची पोती नाहीतर माणसं भरायची, आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पुरतं वळवून खडबडीत जागेवरून एक फेरी मारायची. टायर काळाच परतला तर गाडी रस्त्याला लावायची. लाल झाला तर चाक उतरवायचं. दाजी हे इतक्या सहज सांगत की ते देवाचं आहे की कामाचं, हे वेगळं करता येत नसे. मी बेडशाला गेलो असताना त्यांनी ते मला करूनही दाखवलं होतं.

वडिलांनी एक अट घातली. दसऱ्याला त्यांना या गाडीतून बेडशाला व्याह्यांकडे सोनं द्यायला न्यायचं. नीट नेलं आणि नीट आणलं तर गाडी राहील, नाहीतर जाईल. शिवाय गाडी मी चालवायची नाही, जावयांनी चालवायची. माझ्या चालवण्यावर त्यांचा भरवसा नव्हता. दाजींच्या चालवण्यावर मात्र फार होता. धरणाच्या चिखलात डंपर चालवणारा माणूस, असं ते वखारीत चारचौघांना सांगत.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडीची पूजा केली. झेंडूच्या माळा घातल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. वाटीत कुंकू उरलं होतं. ते तेलात कालवायचं माझ्या डोक्यात आलंही. पण टायर लाल झाला असता तर त्या दिवशी गाडी निघाली नसती, आणि वडिलांनी ती विकायला काढली असती. मी वाटी देवघरात नेऊन ठेवली.

दाजी आले. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "लय रुंद हायती पाव्हणं. नवरीवानी नटवलीया."

वडील डाव्या बाजूला बसले. ते चांगले भरदार होते. धोतर, कोट, टोपी, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. ते बसले तशी गाडी त्या बाजूला खाली गेली, हे मी पाहिलं. मी मित्राची स्कूटर घेऊन मागे निघालो.

कामशेतला दाजींनी गाडी थांबवली. खाली उतरून डाव्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि वास घेतला. रबराचा वास मलाही येत होता. त्यांनी मान वर केली.

"पाव्हणं, कुंकू लावून बघितलं व्हतं नव्हं?"

वडील गाडीतून ऐकत होते.

"बघितलं," मी म्हणालो. "माणसं बसवून बघितलं. टायर काळाच राहिला."

"मग नव्या रबराचा वास असंल," ते म्हणाले आणि उठून गाडीत बसले. पुन्हा त्यांनी चाकाकडे पाहिलं नाही. मी सांगितल्यावर पाहायचं काही कारणच त्यांना उरलं नव्हतं.

बेडशाच्या अलीकडे एक उजवं वळण आहे. आता तिथे हॉटेलाची पाटी आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना भात होतं. वळणावर सगळा भार डावीकडे गेला. मागून मला आधी खरवडल्यासारखा आवाज आला, मग टायर फुटल्याचा. गाडी डावीकडे ओढली गेली, बांध ओलांडून खाचरात उतरली आणि ओल्या चिखलात जाऊन गचकन थांबली. उलटली नाही. मी स्कूटर टाकून धावलो. वडील आपणहून दार उघडून बाहेर पडत होते. पोटऱ्यांपर्यंत चिखल, टोपी भातात, पानांची पिशवी मात्र छातीशी धरलेली. त्यांना किंवा दाजींना साधं खरचटलंही नव्हतं. त्या क्षणी मला जे हायसं वाटलं, त्याची आठवण अजून ताजी आहे. मी बांधावर बसलो आणि मला हसू येऊ लागलं.

शेताची मालकीण, एक म्हातारी, विळा घेऊन आली. "गाडी हाय का रेडा?" ती म्हणाली. "बांदावरनं सरळ माज्या भातात?"

दाजींनी तिला हात जोडले. "चुकलं मावशी. भात उभं करून देतो."

वडील टोपी झटकत होते. "जावईबापू," ते म्हणाले, "सोनं लुटायला निघालो, चिखल लुटला." गोळा झालेली माणसं हसली. दाजीही हसले. मग वडिलांनी आवाज न चढवता पुढचं वाक्य म्हटलं. "पोरगी तुमच्या हातात दिली ती दिली. माझा जीव देणार नाही."

आता कुणी हसलं नाही. दाजी खाली पाहून म्हणाले, "वळणाला जरा जोरात घेतली मामा. माझंच चुकलं."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. चाक तपासलेलं होतं, मग चूक हातांचीच असणार.

बैल आणून गाडी ओढून काढेपर्यंत मी चाकापाशी वाकून बसलो होतो. मडगार्डच्या काठाचा रंग बोटभर रुंदीत उडून पत्रा लखलखीत झाला होता, आणि टायरच्या कडेला त्याच रुंदीचा काप होता. ज्याला दिसेल त्याला एका नजरेत कळलं असतं. मी खाचरातला चिखल घेऊन तो काठ माखून टाकला. बैलवाला म्हणाला, राहू दे, आधीच चिखलाची झालीया. त्याला वाटलं मी पुसतो आहे.

वडील त्यानंतर दाजींच्या कुठल्याही गाडीत बसले नाहीत. पुढे ते आजारी असताना त्यांना पुण्याला न्यायला दाजी पहाटे जीप घेऊन दारात उभे राहिले. वडील माझा हात धरून स्टेशनकडे चालू लागले. दाजी जीप घेऊन आमच्या मागे मागे, अगदी हळू, स्टेशनपर्यंत आले आणि सामान उतरवून दिलं. मी तेव्हाही बोललो नाही. वडील गेले ते जावई बेफाम चालवतो असं मानूनच गेले.

चूक चालवणाऱ्याची धरल्यामुळे वडिलांनी गाडी मात्र राहू दिली. तिला मी नंतर ती साधी काळी चाकं बसवली. त्यांवर ती विकली जाईपर्यंत एकदाही कुरकुरली नाही.

दाजींनी पवनानगर-कामशेत वाटेवर पुढे कितीतरी वर्षं जीप चालवली. साधा ओरखडाही कधी नाही. पण खाचरवाले दाजी हे नाव सुटलं नाही. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते पहिल्या दिवशी तीच गोष्ट सांगत. वळणाला जोर करायचा नसतो, मी केला, सासऱ्याला चिखलात बसवलं.

एकदा मी सांगायचं ठरवून बेडशाला गेलो. ते म्हातारे झाले होते, ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. मी म्हणालो, "दाजी, त्या दसऱ्याला..."

"सोडा की पाव्हणं," ते हसून म्हणाले. "माझ्या त्या एका चुकीवर किती पोरं शिकली, बगा." आणि शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. मी त्या खाल्ल्या आणि पाच वाजताच्या एस.टी.ने परत आलो. त्याच थंडीत ते गेले.

मागच्या महिन्यात त्यांचा नातू नवी गाडी दाखवायला आला. तिची मूळची चाकं काढून त्याने रुंद, चकचकीत चाकं बसवली होती. ती या गाडीला बसतात असं त्याच्या फोनवर लिहिलेलं होतं. मी घरातून कुंकू आणि तेल मागवलं. तो हसला, पण आजोबांची रीत म्हटल्यावर वाटी त्यानेच धरली. मडगार्डच्या आतून बोट फिरवलं, शेजारच्यांना मागे बसवलं, स्वतः पुढे बसलो, आणि वखारीच्या मोकळ्या जागेत त्याला स्टेअरिंग पुरतं वळवायला सांगितलं. उतरून पाहिलं. डावा टायर लाल.

त्याने टायरवरून बोट फिरवून लाल झालेलं बोट पाहिलं. मग म्हणाला, "आजोबांना हे माहीत होतं, तर मग त्यांची गाडी खाचरात कशी गेली?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी चहाचं बघायला गेलो नाही. तिथेच पायरीवर बसून त्याला सगळं सांगितलं, चिखल माखल्याचंही. तो रागावेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, हे आजीला सांगू का? सांग, म्हणालो. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. ती म्हणाली, "वडील असताना सांगायचं होतंस रे." आणि मग, "बरं झालं, सांगितलंस." त्या रात्री मला गाढ झोप लागली.

नातवाने चाकं परत केली. आता घरात ती गोष्ट निघते तेव्हा ती माझ्या नावावर असते, आणि मी बसून ऐकतो. एकच माणूस ती ऐकायला नाही. शेंगा फोडताना त्यांनी मला थांबवलं, त्या वाक्याचं पुढचं इथे लिहून ठेवतो.

दाजी, त्या दसऱ्याला मी कुंकू लावलं नव्हतं. तुमचे हात चुकले नव्हते. मला माफ करा.