डोळे मिटून घाव

आमच्या हातमागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यांना लोखंडी टोकं बसवायला मी साखर पेठेतल्या एका लोहाराकडे जायचो. तो इतका हळू बोलायचा, की भात्याचा आवाज थांबेपर्यंत वाट बघावी लागे. गिरणीच्या संपात काम गेलेला एक तरणा गडी त्याच्या हाताखाली शिकत होता. गड्यानं छिन्नी धरायची आणि उस्तादानं डोळे मिटून हातोडा मारायचा, अशी तिथली रीत होती. घाव कधी चुकला नाही, तरी मी दर वेळी मान फिरवायचो.

एका दुपारी लोहारानं हातोडा गड्याला दिला आणि छिन्नी स्वतः धरली.

"आता तू डोळं मिट."

"नको की उस्ताद. हात जाईल तुमचा."

"तू इस्वास ठिवलास. आता माजी पाळी हाय."

घाव नेमका बसला. लोहाराची पापणीसुद्धा लवली नाही. तो गालात हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून गडी आला नाही. बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "चुकलो असतो, तरी त्यो तसाच हसत बसला असता. लई भ्या वाटलं."

पुढच्या खेपेला लोहार एकटाच होता.

"छिन्नी धरता का जरा?" त्यानं हळूच विचारलं.

नाही म्हणायचं ठरवूनही मी ऐरणीपाशी बसलो. त्यानं डोळे मिटले.