ठोकळ्यांतलं जास्तीचं सिमेंट
स्लॅबवर पसरलेल्या ओल्या गोणपाटांचा वास आला की मला अंबरनाथ आठवतं. तिथे आम्ही जवानांच्या बराकीचा स्लॅब भरत होतो आणि मी ठेकेदाराचा नवखा इंजिनिअर होतो. स्लॅबच्या मालाचा नमुना म्हणून तपासणीला पाठवायचे काँक्रीटचे ठोकळे पास व्हावेत म्हणून त्यांच्या मालात मी ओंजळभर सिमेंट जास्त टाकलं, सगळेच टाकायचे. लष्कराकडून देखरेखीला आलेले साहेब मागेच उभे होते. म्हणाले, "ठोकळे पास होतील रे, पण जवान झोपणार स्लॅबखाली." त्यांनी साचे रिकामे करायला लावले, स्लॅबवरच्याच मालाने माझ्याकडून पुन्हा भरून घेतले आणि वर कुणाला काही कळवलं नाही. आज खरवईत मी बांधलेल्या इमारतीत मीच तळमजल्याला राहतो. डोक्यावर सहा स्लॅब आहेत आणि त्या साहेबांच्या कृपेने झोप शांत लागते.