ताईने कम्प्युटर त्याला विचारून घेतले

आमच्या कोहका वस्तीत फॉर्म भरायचं आणि टायपिंगचं दुकान काढायचं ताईने ठरवलं, तेव्हा कम्प्युटर कोणते घ्यायचे हे तिने मला विचारलं नाही. माझ्या शाळेतल्या वर्गमित्राला विचारलं. का, तर सिविक सेंटरच्या बाजारात त्याचं कम्प्युटर रिपेअरिंगचं काउंटर आहे. सख्खा भाऊ घरात, ठेका मजुरांच्या युनियनची पत्रकं वर्षानुवर्षं स्वतः टाइप करणारा, आणि बहीण सल्ला घेते परक्याचा! सरळ सांगतो, मी जळलो.

त्याचं म्हणणं, दुकान अरुंद आहे, पाठ्यपुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉप घ्या. स्क्रीनच्या मागे अडकवता येतात, वीजही कमी खातात. ताई दिवसभर तेच घोकायची. मग मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. ठळक मथळा : ‘छोटा डबा, मोठी फसवणूक!’ खाली मागण्या. मोठंच कॅबिनेट पाहिजे, प्रत्येक पार्ट बदलता आला पाहिजे, दुकानदाराची गुलामी चालणार नाही. फ्रिजवर चिकटवलं.

ताईने उभ्या उभ्या वाचलं. “याच्यात मालक कोण आहे बे? मीच ना? माह्याच घरात माह्या विरोधात घोषणा देऊन राहिला?”

“तो तुले फसवून राहिला, ताई.”

“त्यानं मले इचारलं, कम्प्युटरले काय काय जोडशील. तू इचारलं?”

नव्हतं विचारलं. तिच्याकडे त्याने करून घेतलेली यादी होती : कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन, पेनड्राइव्ह.

शनिवारी आम्ही तिघं कम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्याने एक डबा पसंत केला. मी यादी हिसकावून घेतली आणि डब्याचे पोर्ट मोजले.

“चार! जोडायच्या वस्तू सहा, पोर्ट चार! मोजा, मोजा!” कारखान्याच्या गेटसमोर घोषणा देताना ओरडतो तसाच ओरडलो. बाजूचं गिऱ्हाईक दचकलं.

तो जरासाही चिडला नाही. “अरे हाँ यार, सही पकड़ा. मेरे से छूट गया.” लगेच त्याने सहा पोर्टांचा, थोडा जाड डबा मागवला. वर ताईला म्हणाला, “दीदी, भाई साथ में था तो बच गए.”

“पाह्य,” ताई मला म्हणाली, “किती समजदार आहे. चूक मानते तरी.”

चूक पकडली मी, आणि कौतुक त्याचं!

मग ताई म्हणाली, “हा फॉर्म भरायले झाला. टायपिंगचा दुसरा कम्प्युटर तू सांग. तुह्या मनानं घेऊ.”

हे ऐकायला मी किती दिवस तडफडत होतो! मोठं कॅबिनेट समोरच होतं. पण ते काउंटरखाली ठेवलं तर ताईचे पाय कुठे जाणार, हे मला तिथे उभं राहिल्यावर दिसलं. छोट्या डब्याचं झाकण मी दुकानदाराला उघडायला लावलं. आत मेमरी बदलता येत होती, डिस्कही. माझी मागणी त्यात पूर्ण होत होती. मी काहीही बोललो असतो तरी ताईने ते घेतलं असतं, म्हणूनच खोटं बोलता आलं नाही.

“हाच घे. अजून एक,” मी म्हणालो.

“मैं भी यही बोलने वाला था,” तो म्हणाला. ताईने त्याच्याकडे पाहून अशी कौतुकाने मान हलवली, की मोठं कॅबिनेटच सांगायला हवं होतं असं मला वाटलं.