‘नो’ लिहिलेला पॉइंट

शालिकराम पराते हा माणूस पाटी वाचून वागतो. नागपुरात असा माणूस निपजावा हेच मुळात नवल. इतवारीत ‘येथे थुंकू नये’ ही पाटी लावतात ती बहुधा जागा दाखवायलाच, कारण तिच्याखालचा कोपरा सुपारी-तंबाखूच्या खर्र्याने लालेलाल झालेला असतो. शालिकराम मात्र तोंडातला खर्रा सांभाळत तीन मजले उतरतो, नालीत थुंकतो आणि धापा टाकत पुन्हा तीन मजले चढतो. त्याची बायको पुष्पलता म्हणते, “सारं नागपूर येडं अन् तुम्हीच काय ते शहाणे!”

त्याचा बाप उमरेडला हातमागावर लुगडी विणायचा. माग बंद पडला आणि बाप नऊ वर्षं घरी बसला, रिकामे हात मांडीवर ठेवून. शालिकराम सुतावरून तारेवर आला, पंचवीस वर्षं लोकांच्या भिंतींतून कॅमेऱ्यांच्या वायरी ओढल्या. आता तो अठ्ठावन्नचा आणि त्याचा मालक दुर्गेश जेमतेम तिशीचा इंजिनियर. दुर्गेशने त्याला तोंडावर सांगितलं होतं, “काका, ओमप्रकाश शेठचं काम नीट झालं तर राहा. नाहीतर आता घरी बसा.” ‘घरी बसा’ ऐकलं की शालिकरामला बापाचे ते हात दिसायचे.

शेठची इतवारीतली नवी चार मजली इमारत म्हणजे स्वतःची अक्कल असलेली इमारत. तिच्यात एक पेटी होती. कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला माणूस हलताना दिसला की त्याने पेटीला कळवायचं, मग पेटीने दिवे-पंखे लावायचे, काचेचं दार उघडायचं आणि लिफ्ट खाली बोलवायची. माणूस नसेल तर सगळं बंद आणि दाराला कुलूप. रेकॉर्डरपासून पेटीपर्यंत दोन तारा न्यायच्या, एवढंच शालिकरामचं काम.

रेकॉर्डरच्या पाठीमागे तीन पॉइंट होते. पहिला कॉमन, तो ओळखीचा. दुसऱ्यावर इंग्रजीत एन आणि ओ, तिसऱ्यावर एन आणि सी. एन-ओ म्हणजे एरवी तुटलेला, खबर आली की जुळणारा. एन-सी बरोबर त्याच्या उलट. हे जाणकारांना ठाऊक असतं. आजवर नुसत्या कॅमेऱ्यांच्या वायरी ओढलेला आपला शालिकराम जाणकार नव्हता, वाचक होता. एन, ओ, नो. नो म्हणजे नाही. कंपनीने इतकं स्वच्छ बजावून ठेवलेलं असताना तिथे तार खुपसणारा तो कोण? त्याने एक तार कॉमनमध्ये आणि दुसरी एन-सीत घट्ट आवळली, रेकॉर्डरचं कपाट बंद केलं आणि घरी फोन केला, “झालं वं. उद्या सकाळी शेठ पाहाले येऊन राहिले.”

सकाळी दुर्गेशने रस्त्यावरूनच मोबाइलवर पेटी सुरू केली. आत चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे चारही मजले झगमगले, लिफ्ट खाली आली, दार आपोआप उघडलं. “वा काका!” दुर्गेश म्हणाला. शेठ, त्यांची ऐंशी वर्षांची आई कांताबाई आणि वीसेक पाहुणे आत शिरले. उद्घाटनाचा नारळ घेऊन शालिकराम मागोमाग गेला. दुर्गेश बाहेर फोटो काढत राहिला.

रेकॉर्डरला माणसं दिसली आणि इमारत विझली. दाराला खटकन कुलूप लागलं.

पाहुणे दाराकडे धावले, कुणी काच बडवली. काही होईना. थकून सगळे उभे राहिले, अर्धा मिनिट कुणी हललं नाही, तेव्हा दिवे लागले आणि दार उघडलं. हुश्श करून शेठनी पाऊल टाकलं. अंधार, खटकन.

“कोनी हालू नोका!” कुणीतरी ओरडलं. सगळे पुतळ्यांसारखे उभे राहिले. उजेड आला, पंखे फिरले, समोर इतवारीचा रस्ता उघडा. तेवढ्यात कांताबाईंना उचकी लागली. अंधार. “माही कोन आठवण काढून राहिलं, बापा?” म्हणून त्यांनी कपाळाला हात लावला, तोही रेकॉर्डरने पाहिला. पुढची वीस मिनिटं त्या इमारतीचा कारभार कांताबाईंच्या उचकीवर चालला. बाहेर दुर्गेश मोबाइल दाबत होता आणि पेटी त्याला पुन्हापुन्हा सांगत होती, सर्व व्यवस्थित आहे.

शेवटी दुर्गेश काचेला तोंड लावून ओरडला, “काका, तार कुठे घातली?”

“एन-सीत!”

“एन-ओत घाला!”

“तिथं नो लिवलं हाय!”

“नो नाही काका, एन-ओ!”

“तेच म्हनतो ना मी! नो!”

दुर्गेशने तिथेच रस्त्यावर बसकण मारली. मग उठून, हातवारे करून, एकेका अक्षराचा अर्थ सांगितला. शालिकरामला कळलं. तो अंधारात कपाटापर्यंत गेला, टॉर्च दातांत धरला आणि तार काढून नो लिहिलेल्या पॉइंटमध्ये घातली. दिवे लागले, दार उघडलं आणि माणसं हलली तरी उघडंच राहिलं.

दुर्गेश धावत आत आला. “शेठजी, कंपनीचा माल खराब निघाला,” तो म्हणाला, आणि शालिकरामच्या कानात, “गप राहा काका, नोकरी वाचते.”

शालिकरामने आपल्या हातांकडे पाहिलं. मांडीवर ठेवायची वेळ आली म्हणायची. त्याला रडू येत होतं.

“माल चांगला हाय, शेठजी,” तो म्हणाला. “चूक माही हाय. नो लिवलं होतं, म्हनून तिथं हात लावला नाई.”

पाहुणे खो खो हसले. शेठ हसले नाहीत. ते जिन्याकडे बघत होते. तिथे कालच लावलेल्या ‘थुंकू नये’च्या नव्याकोऱ्या पाटीखाली, उद्घाटनाचा नारळ फुटायच्या आत, लाल पिचकारी पडलेली होती.

“दुर्गेशभाऊ,” शेठ म्हणाले, “नो वाचून हात मागं घेते, असा मानूस मी साऱ्या इतवारीत पाह्यला नाई. याले मले देऊन टाक. माह्या इमारतीवर हाच पायजे.”

आता शालिकराम त्याच इमारतीची देखभाल करतो आणि खर्रा थुंकायला अजून खाली नालीवरच जातो. कधी रेकॉर्डरचं कपाट उघडं दिसलं तर मागे डोकावून बघा. ‘नो’च्या शेजारी मार्करने, त्याच्या गोल अक्षरात लिहिलेलं आहे: ‘इथं चालते.’