आनंदाने गोष्ट सांगते

मुरुडजवळच्या कोळीवाड्यातल्या शाळेत मी नऊ वर्षं शिकवलं. तिथे चौथीत एक मुलगी होती, तिला वाचता येत नव्हतं. अक्षरं ओळखायची, पण जोडताना अडायची. मग शेजारच्या चित्रावरून अंदाजाने काहीतरी सांगून टाकायची. ते इतकं रंगवून, की सगळा वर्ग ऐकत राहायचा.

वर्षअखेरीस प्रगतिपत्रकावर शेरा लिहायची वेळ आली. 'वाचता येत नाही' असं लिहिलं असतं तर मुख्याध्यापकांनी कारण विचारलं असतं. कारण मीच होते. तिच्यासाठी वेगळा वेळ मी कधी काढलाच नव्हता. मी लिहिलं, 'पुस्तकांची आवड आहे. चित्रे पाहून आनंदाने गोष्ट सांगते.' यात खोटं काहीच नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

तिची आई बाजारात मासळी विकायची. तिलाही वाचता येत नसे.

"काय लिवलंय, बाई?"

मी वाचून दाखवलं. तिने पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी माझ्या घरी सुके सोडे आले. ते मी ठेवून घेतले.

दोन वर्षांनी तिची आई पुन्हा आली. पत्रक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं होतं.

"हायस्कूलवाले बोलतात, हिला वाचाया येत न्हाय. पोरं हसतात, म्हून ही शाळेत जायाला बघत न्हाय. तुमी लिवलंय ना यात? जरा सांगा त्यांना."

माझ्या तोंडी पुन्हा तसंच एक गोड वाक्य आलं होतं: नवीन शाळा आहे, रुळेल हळूहळू. पण ती पत्रक माझ्यापुढे धरून उभी होती.

"त्यांचं खरं आहे," मी म्हणाले. "तिला तेव्हाही येत नव्हतं. मला माहीत होतं."

ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने एवढंच विचारलं, "मंग तवाच का न्हाय बोललात? मी हिला मासळी विकाया बाजारात नेलीच नसती. घरी अभ्यासाला बसवली असती."

मुलगी आता दर रविवारी माझ्याकडे येते. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचते. परवा मध्येच थांबून म्हणाली, "बाई, मला येत नव्हतं, तर मला पुढं का ढकललीत?"

मी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. पुढच्या ओळीखाली बोट धरून ती वाचू लागली.